आजीव युवा प्रतिनिधी

रविवारी सकाळी दहाला विश्वस्तांची वार्षिक सभा होती, आणि बेबीने शनिवार दुपारपासून मतं तीनदा मोजली होती. मोजायला तसं फार काही नव्हतं. एकंदर पाच मतं आणि पाचही एकाच घरातली. पण घरातली माणसं मोजायला घेतली की बेरीज दर वेळी वेगळी येते, हे तिला चौपन्न वर्षांच्या अनुभवाने पुरतं ठाऊक होतं.

हो, चौपन्न वर्षांची बेबी. या घरात एकदा चिकटलेलं नाव आणि एकदा मिळालेली खुर्ची माणसापासून सुटत नसे.

खुर्च्यांची हकिकत अशी. या घरातल्या चार भावंडांचे वडील, आबा, हाताने फिटर आणि स्वभावाने फटकळ. पन्नास वर्षांपूर्वी त्यांनी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात युवा केंद्र काढलं. चौकात दिवसभर भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या पोरापोरींच्या हातात पाना दिला, कानस दिली, आणि वर शिव्याही दिल्या. पाटीवर केंद्राचं नाव दोन ओळींचं होतं, पण येणारी पोरं त्याला बर्फखानाच म्हणत. आबा गेले त्यालाही एकोणतीस वर्षं झाली. तेव्हापासून थोरला दादा अध्यक्ष होता. त्याची बायको, म्हणजे वहिनी, उपाध्यक्ष. मधला भाऊ दातांचा डॉक्टर, तो सचिव. बेबी नुसतीच सदस्य. कसली सदस्य हे कुणी विचारत नसे, आणि तीही सांगायला जात नसे. सगळ्यांत धाकटा छोटू हा युवा प्रतिनिधी.

छोटूचं वय सत्तेचाळीस. गाद्यांच्या दुकानात नोकरी, डोक्यावर पुढून मागे नेलेले चौदा-पंधरा केस, आणि गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. जिना चढताना युवा प्रतिनिधीला दोन ठिकाणी थांबावं लागे.

काम करायचं म्हटलं तर ते बेबीच करी. सकाळी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या आणि दुपारी चारला बर्फखाना उघडायचा. अभ्यासाची खोली, मुष्टियुद्धाचं रिंगण, आणि मागची मोठी कार्यशाळा. भांडणं सोडवायची, मलमपट्टी करायची, कुणाच्या आईला फोन करून 'पोरगी इथेच आहे' असं सांगायचं. बाकीचे विश्वस्त वर्षातून चारदा येत आणि फोटोत मधोमध उभे राहत.

आता दादाने टूम काढली होती. केंद्राला पन्नास वर्षं होतात म्हणून आबांचं स्मृतिदालन करायचं, आणि तेही मागच्या कार्यशाळेतच. बेबीने शनिवारी भाऊला फोन केला. भाऊ म्हणाला, "तुझं अगदी बरोबर आहे." छोटूला चहाला बोलावलं. तो म्हणाला, "बेबीताई, तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलोय?" हे खरंच होतं. इतकी वर्षं तिचा हात वर गेला की पाठोपाठ त्याचाही जाई. म्हणजे तीन विरुद्ध दोन. शनिवारी ती गाढ झोपली, ही पहिली चूक.

सभा भरली ती जुन्या वजनकाट्याच्या खोलीत. गोदामाचं चार इंच जाडीचं दार आडवं टाकून आबांनी केलेलं टेबल, त्याभोवती पाच खुर्च्या. वहिनी चहा ओतत होत्या. बेबीने पाहिलं, बिस्किटांची बशी आधी छोटूपुढे गेली. एरवी ती शेवटी जात असे, तीही रिकामी. बेबीने मनात पुन्हा एकदा मतं मोजली.

दादा उभा राहिला. विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती, पण समोर दोन माणसं बसलेली दिसली की त्याला अजूनही राहवत नसे.

"आज आपण एका ऐतिहासिक वळणावर उभे आहोत."

"बसलोय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही एकटे उभे आहात. चहा गार होतोय."

"आबांनी हे रोपटं लावलं..."

"दादा, आबांना झाडांचा राग होता," बेबी म्हणाली. "पानं गटारात अडकतात म्हणायचे."

"बेबी, हे अलंकारिक आहे." दादाने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे हात केला. स्टुलावर ओल्या फडक्याखाली काहीतरी होतं. "शिल्पकाराने मातीचा नमुना पाठवलाय. तुम्ही हो म्हणालात की धातूत ओतायचा." आणि त्याने मोठ्या ऐटीत फडकं ओढलं.

सगळे पाहत राहिले. पहिला बोलला तो छोटू, कारण विचार करून बोलण्याची सवय त्याला नव्हती.

"मस्त आहे! पण दादा, तुझा पुतळा कशाला?"

"माझा नाही. आबांचा आहे."

पुन्हा सगळ्यांनी पाहिलं. दादाचा भांग, दादाच्या मिशा आणि दादाची ती समोरच्याला पॉलिसी घ्यायला लावणारी हनुवटी.

"आबांना टक्कल होतं," भाऊ हळूच म्हणाला. "आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटलेला."

"तुटका दात कुणी पुतळ्यात दाखवतं का? आबांचे फोटो अस्पष्ट होते. शिल्पकाराला कुणीतरी समोर लागत होतं. रक्त एकच आहे, म्हणून मी बसलो दोन-चार वेळा."

"किती वेळा?" वहिनींनी विचारलं.

"...अकरा."

"दर बुधवारी?"

दादा ओल्या फडक्याची घडी घालू लागला.

"म्हणजे बुधवारी पाठ शेकून घ्यायला म्हणून जात होतात, ते हे," वहिनी म्हणाल्या. "आणि मी तीन महिने परत आलात की गरम पाण्याची पिशवी घेऊन दारात उभी." त्यांनी कप बशीत ठेवला. फार जोरात नाही, पण भाऊने आपला कप जवळ ओढून घेतला.

"विषयावर येऊ," दादा घाईघाईने म्हणाला. "प्रस्ताव क्रमांक एक. मागची कार्यशाळा रिकामी करून तिथे स्मृतिदालन उभारावं. पुतळा, काचेच्या कपाटात आबांचा चष्मा, पेन, छत्री. कार्यशाळेची तात्पुरती सोय मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये."

"त्या शेडला पत्रा अर्धाच आहे."

"तात्पुरतीच सोय आहे ना?"

"दादा," बेबी शांतपणे बोलायचं ठरवून आली होती, "तिथे रोज अडतीस मुलं येतात. गेल्या महिन्यात त्यांनी चाकांच्या नऊ खुर्च्या दुरुस्त करून इस्पितळाला दिल्या. ती पंखेवाली आठवते? आली तेव्हा सहा महिने कुणाशी शब्द बोलली नव्हती. आता पंखे दुरुस्त करते आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालते."

"सुंदर!" दादा म्हणाला. "तिचा फोटो लावू दालनात."

बेबी भाऊकडे वळली. भाऊ इतिवृत्ताच्या वहीत डोकं घालून बसला होता. दुसऱ्याला तोंड उघडायला लावण्यात त्याची हयात गेली होती, स्वतःचं उघडायचा मात्र त्याला कंटाळा. बेबीने वहीत डोकावलं आणि तिचे डोळे विस्फारले. पान भरलेलं होतं.

"भाऊ, सभा आत्ता सुरू झाली. तू हे कधी लिहिलंस?"

"काल. आज दुपारी पेशंट आहेत."

"आणि इथे 'सर्वानुमते मंजूर' लिहिलंयस."

"तसंच होतं ना नेहमी."

"मी काय बोलले तेही लिहिलंयस?"

भाऊने बोट फिरवत ओळ शोधली. "'बेबीने काही प्रेमळ सूचना केल्या.'"

"भाऊ, काल फोनवर तू मला म्हणालास, अगदी बरोबर आहे."

"अगदी बरोबरच आहे. पण दादा म्हणतो, पुढची खोली दंततपासणीसाठी देऊ. गरिबांना मोफत. पाटी तेवढी माझ्या नावाची." तो कानकोंडा होऊन म्हणाला, "लोकांचे दात, बेबी."

एक गेला. तरी दोन विरुद्ध तीन म्हणजे निदान विरोध नोंदवला जाईल, असं म्हणून बेबीने छोटूकडे पाहिलं. छोटू बशीतल्या चुऱ्याकडे पाहत होता.

"प्रस्ताव क्रमांक दोन," दादाने चष्मा पुसत वाचलं. "युवा प्रतिनिधींची सव्वीस वर्षांची अखंड सेवा लक्षात घेता त्यांना आजीव युवा प्रतिनिधी हे पद द्यावं."

"आजीव?" बेबी म्हणाली.

"म्हणजे मरेपर्यंत," वहिनींनी समजावून सांगितलं.

"मला कळतं, वहिनी. छोटू, इकडे बघ. तू मरेपर्यंत युवा राहणार?"

छोटूने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तेच बेबीला सहन होईना. "बेबीताई, मला दुसरं काय आहे गं? दुकानात मला 'ए गादी' म्हणून हाक मारतात. इथे निदान कार्ड आहे माझ्या नावाचं."

त्याचा हात वर गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याआधी.

चार विरुद्ध एक. दादा बसायला लागला, तेवढ्यात दार वाजलं.

आत दोघं आली. पुढे ठिणगी, वय वर्षं एकवीस. वेल्डिंगचं जोडकाम ती इथेच शिकली, आता लोखंडी फाटकं बनवणाऱ्या कारखान्यात काम करून संध्याकाळी इथल्या पोरांना शिकवी. तिच्या मनगटांवर जळल्याचे बारीक ठिपके होते. मागे चष्मा नावाचा पोरगा, छापखान्यात अक्षरजुळणी करणारा. त्याच्या काखेत कागदाची मोठी गुंडाळी होती.

"या, या," दादा खुलला. "दालनाच्या भिंतीसाठी मी आबांच्या हातची मूळ नियमावली मोठ्या अक्षरांत छापायला दिली होती. झाली का रे?"

"झाली, साहेब. फक्त एका जागी मूळ कागदात चूक असावी असं वाटलं. छापण्याआधी विचारावं म्हटलं." चष्म्याने नाकावरचा चष्मा वर ढकलला. त्या नियमावलीकडे गेल्या एकोणतीस वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हा वाचणारा पहिलाच, आणि तोही अक्षरं जुळवायची होती म्हणून. "कलम सात. 'पाच विश्वस्तांपैकी दोघं पंचविशीच्या आतली असावीत. केंद्रात येणाऱ्या पोरांनी त्यांना हात वर करून निवडावं. पंचविशी उलटली की त्यांनी मुकाट्याने उठावं.'" तो थांबला. "हा 'मुकाट्याने' शब्द ठेवायचा ना?"

छोटूच्या घशात बिस्कीट अडकलं. वहिनींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"हे बघा," दादाने आवाज खालच्या पट्टीत आणला, "युवा ही वयाची नव्हे, मनाची अवस्था आहे."

"मग आमच्या कार्डावर जन्मतारीख कशाला विचारता?" ठिणगी म्हणाली. "मन लिहिलं असतं."

"तू मध्ये बोलू नकोस, ही विश्वस्तांची सभा आहे."

"तेच मोजतेय मी. विश्वस्त किती आहेत ते." तिने एकेकावरून बोट फिरवलं. "छोटूकाका एक. त्यांचं काय ते कळलं. पण कागदात दोघं म्हटलंय. दुसरं कोण?"

वहिनी किटलीत डोकावून पाहू लागल्या.

दादा चटकन उठला आणि बेबीला दंडाला धरून खिडकीशी घेऊन गेला. विम्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. समोरच्याला नेमकं काय हवंय हे त्याला बरोबर कळे.

"बेबी, ते कलम आबांनीच जाताजाता बदललं होतं. तू होतीस त्या सभेला. आठवतं ना?"

"अशी सभा झालीच नव्हती, दादा."

"तू आठव म्हणजे झाली." तो आणखी जवळ सरकला. "कार्यशाळा आहे तिथेच राहील. शब्द देतो. दालन गच्चीवर करू. पत्र्याच्या शेडचं नाव काढत नाही. तू फक्त एवढं सांग की बदललं होतं. तूच सांगितलंस तर ही पोरं ऐकतील. माझं कोण ऐकतंय?"

बेबीने खिडकीबाहेर पाहिलं. एक शब्द. कार्यशाळा वाचत होती, आणि ज्यासाठी ती कालपासून मतं मोजत होती ते सगळं आपण होऊन ओंजळीत पडत होतं. शिवाय ठिणगीला लोखंड जोडता येईल, पण दादा-भाऊंसारख्यांना जोडणं म्हणजे काय हे तिला कुठे माहीत? ही माणसं पोरीला कच्ची खातील. सांभाळायला कुणीतरी घरचं हवंच. यातलं काहीच खोटं नव्हतं. खोटा असणार होता तो फक्त एक शब्द.

तेविसाव्या वर्षी ती निवडून आली होती, याच इमारतीत. हात मोजले होते, एकेचाळीस. पंचविशी उलटली त्याच आठवड्यात आबा गेले. तेव्हा कोण कुणाला उठवणार? पुढच्या वर्षी उठू, असं ती म्हणाली. पुढच्या वर्षी दादाने विश्वस्तांच्या पाटीवरून पोरांची नावं काढायला घेतली, तेव्हा आपण उठलो तर सगळंच जाईल असं वाटलं. आबांनंतर तीन वर्षांनी पोरांनी निवडलेला दुसरा मुलगा नोकरीसाठी गाव सोडून गेला आणि त्याच्या जागी छोटूला घरच्या घरी बसवलं. तेव्हा हात कुणी वर केले नाहीत. छोटूचं मत आपल्याला मिळेल म्हणून ती गप्प बसली. मग गप्प बसायची सवय झाली. दर वर्षी कारण वेगळं असे, पण खुर्ची तीच.

"ताई," ठिणगीने मागून हाक मारली. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "दुसऱ्या तुम्ही ना?"

बेबी वळली. "हो."

"कलम बदललं होतं का?"

दादाने तिच्या दंडावरचा हात किंचित दाबला. बेबीने तो काढून बाजूला ठेवला, टेबलावरची वस्तू ठेवावी तसा.

"नाही. कधीच बदललं नव्हतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

ठिणगी तिच्याकडे पाहत राहिली. "आणि तुम्ही आम्हाला रोज सांगता, ही जागा तुमचीच आहे म्हणून."

बेबीला पुष्कळ काही सुचलं, त्यातलं अर्धं खरंही होतं. तिने खुर्चीवरची पिशवी उचलली. छोटू अजून बसूनच होता.

"ऊठ, छोटू," ती म्हणाली. "मुकाट्याने."

निवडणूक तिथल्या तिथे झाली. रविवारची पोरं हॉलमध्ये होतीच. रिंगणाच्या कडेने, सायकलींवर, खिडक्यांत अशी चव्वेचाळीस जण जमली. दादाने लोकशाहीवर चार शब्द बोलायला घेतले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आधी हात मोजू, मग बोला." ठिणगीला एकोणचाळीस हात मिळाले. दुसऱ्या जागेसाठी एक चिमुरडी ओरडली, "छोटूकाका!" आणि छोटू खरंच उठायला लागला. बेबीने त्याचा शर्ट मागून धरला. चष्म्याचंही नाव आलं, तो म्हणाला, मला बोलायला लावू नका, मी छापतो. शेवटी पंखेवाली निवडून आली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिने स्वतःच हात वर केला होता, आणि इतका वेळ खाली घेतला नाही की बाकीच्यांनाही वर करावे लागले.

दादा मात्र निर्धास्त होता. तो स्वतः, वहिनी आणि भाऊ, म्हणजे तीन. पोरी दोन. "नव्या सदस्यांचं स्वागत!" तो प्रसन्नपणे म्हणाला. "चला, प्रस्ताव क्रमांक एक. पुन्हा मतदान घेऊ."

"जे सदस्य नाहीत त्यांनी बाहेर थांबावं," पंखेवाली म्हणाली. हे ती बेबीकडे पाहून म्हणाली. वाईट हेतू नव्हता, पंख्याची तार तपासावी तसं तपासून म्हणाली.

बेबी आणि छोटू बाहेर बाकावर येऊन बसले. वजनकाट्याच्या खोलीला बर्फाच्या लाद्या सरकवायची जुनी खिडकी होती, तिला काच नव्हती. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बाजूने," दादाचा आवाज.

"बाजूने," भाऊचा. "दातांसाठी."

"विरोध." ही ठिणगी.

"विरोध." ही पंखेवाली.

मग नुसता कपबशीचा आवाज.

"अगं, हात वर कर ना," दादा म्हणाला.

"विरोध," वहिनी म्हणाल्या.

"काय? अगं, तुला काय झालं?"

"हे तोंड मी चाळीस वर्षं रोज सकाळी उठल्या उठल्या बघतेय. आता इथे येऊन त्याच्यावरची धूळही झटकू? घरात एक आहे तेवढं पुरे. आणि बुधवारचं आपण घरी गेल्यावर बोलू."

"म्हणजे," भाऊचा दुःखी आवाज आला, "आता मला सगळं परत लिहावं लागणार."

"ते आजीवचंही खोडा," पंखेवाली म्हणाली.

छोटू बाकावर आणखी खाली सरकला. "बेबीताई, तू हो म्हणाली असतीस तर?"

"तर तू आजीव झाला असतास."

"वाईट नव्हतं गं ते." तो म्हणाला, "कुणी विचारलं, रविवारी काय करतोस, तर सांगता यायचं, सभा आहे. आता काय सांगू?"

ती वहिनींच्या बिस्किटांवर चिडली होती, छोटूवर चिडली होती, पण त्याला त्या खुर्चीत बसवून ठेवण्यात तिचाही हात होताच. तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

"आई गं! तो ऑपरेशनचा आहे!"

"अरे, सॉरी."

दार उघडलं. वहिनी पर्स सावरत गेल्या, मागून दादा पुतळा कवटाळून गेला. माती ओली असल्यामुळे शिल्पकाराने केलेलं नाक त्याच्या कोटाला लागून एका बाजूला वळलं होतं. त्यामागे भाऊ. शेवटी ठिणगी बाहेर आली. बेबी उठून उभी राहिली. एकोणतीस वर्षांत एवढं तरी कमावलं असेल, असं तिला वाटलं. एखादा शब्द. 'ताई, तुमच्याशिवाय कसं होणार' एवढं तरी.

"ताई," ठिणगी म्हणाली, "चाव्या."

बेबीने पिशवीतून जुडगा काढला. सात चाव्या होत्या. ती सांगायला लागली. "ही पुढच्या दाराची, ती उजवीकडे थोडी दाबून फिरवायची. ही कार्यशाळेची. आणि ही तारेने बांधलेली..."

"कळेल आम्हाला," ठिणगी म्हणाली. मग तिलाही ते फार तुटक वाटलं असावं, कारण जाता जाता वळून म्हणाली, "खोटं बोलला नाहीत ते बरं केलंत." आणि आत गेली.

घरी जाताना बेबी मनात तिला पुष्कळ बोलली. कृतघ्न, आगाऊ, कालपरवापर्यंत हातात हातोडी उलटी धरायची. शिडी चढून गेल्यावर शिडीला लाथ मारणारी जात. हे सगळं ती घरी पोचेपर्यंत पुरलं, चहा होईपर्यंतही पुरलं. त्यानंतर तिला रडू आलं, आणि ते कुणावरच्या रागाचं नव्हतं.

सोमवारी तिने शाळेत नळ्या धुतल्या. चार वाजता ठरवून घरीच बसली. सव्वाचारला चपला घातल्या.

बर्फखान्याचं दार उघडं होतं. उजवीकडे दाबून फिरवणं तिच्याशिवाय कुणाला जमत नसे, तरी उघडलं होतं. आत नेहमीसारखाच गोंगाट होता. रिंगणात दोघी एकमेकींना ठोकत होत्या, अभ्यासाच्या खोलीत कुणी कुणाला गणित समजावत ओरडत होतं. ती उंबऱ्यातच थांबली. एकोणतीस वर्षं ती आधी आत असायची आणि मुलं नंतर यायची. आत येताना हात कुठे ठेवायचे हे तिला कळेना.

दाराशी टेबल मांडून पंखेवाली बसली होती. तिने वही पुढे सरकवली.

"ताई, पाहुण्यांची नोंद करायची असते. तुम्हीच लावलाय नियम."

बेबीने पेन घेतलं. नाव. वय. येण्याचं कारण. नावाच्या रकान्यात तिने सवयीने 'बेबी' लिहायला घेतलं, मग ते खोडून शाळेच्या हजेरीपटावरचं पूर्ण नाव लिहिलं. वयाच्या रकान्यात चौपन्न. तिसऱ्या रकान्याशी मात्र पेन बराच वेळ अडलं. मागून दोन पोरं ताटकळत उभी होती.

"आटपा ना, ताई," पंखेवाली म्हणाली.

'जोडकाम बघायला', असं लिहून ती आत गेली.